ब्लँकेटचं दुसरं टोक

३ मार्च, मंगळवार

मुंगे,

वर मायना काय घालायचा ते ठरेना, म्हणून नुसती हाक मारली. आवडली नसेल तर खोडून टाक.

तुझा पत्ता शेजारच्या बटनवालीच्या सुनेने दिला. म्हणाली, तू कुठल्याशा काचेच्या मोठ्या जिममध्ये माणसांना वजनं उचलायला शिकवतेस, आणि त्यासाठी माणसं आधीपासून नाव लावून ठेवतात. मी म्हटलं, मी चाळीस वर्षं लाँड्रीत उचलली, माझ्यामागे कुणी रांग लावली नाही. ती हसली. हसताना तोंड अगदी सासूसारखं होतं तिचं, बिचारीचं.

चार वर्षांत तू लिहिलं नाहीस, मीही नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आज लिहितेय कारण एक गंमत झाली आणि ती कळेल असं दुसरं कुणी नाही.

आमच्या चारही इमारतींत म्हाताऱ्या बायकांची तपासणी चालू आहे. एक बाई येतात, चांगल्या आहेत, चपला दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवतात. त्यांच्याकडे एक मूठ दाबायचं यंत्र आहे. दाबलं की काटा सरकतो आणि जोर किती ते कळतं. बटनवालीने दाबलं तर काटा जागचा हलला की नाही याचाच वाद झाला. तिने जन्मभर बसून शर्टांना बटनं लावली, तिच्यात जोर कुठून येणार. मग माझ्या खोलीत आल्या. मी दाबलं. एकोणतीस. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. म्हणाल्या, "आजी, हा तर चाळिशीतल्या बाईचा आकडा आहे."

मी म्हटलं, लाँड्रीचा हात आहे.

"जिने चढता?"

"दिवसातून दोनदा."

त्यांनी कागदावर 'उत्तम' लिहिलं. मला वाचता येतं तेवढं. तर ते तुला कळवावं म्हणून लिहिलं. बाकी सगळं ठीक आहे. भाजी मी आता खिडकीतून दोरीला पिशवी बांधून वर घेते, म्हणजे उगाच चार मजले खालीवर नको. सोय म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आजी

१२ मार्च, गुरुवार

मुंगे,

तुझं उत्तर नाही. यायला हवं असं मी म्हटलंही नव्हतं.

तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी झाली होती, दाराशी नळ आहे ती. ज्या बाईला जिना झेपत नाही तिला ती मिळणार होती. त्यासाठीच ती तपासणी होती, हे मला मागाहून कळलं. म्हणजे बाई बोलल्या असतील, पण तेव्हा मी यंत्राकडे बघत होते. खोली बटनवालीला मिळाली. काल तिचं सामान गेलं. ती जाताना माझ्या दारात उभी राहून म्हणते, "तुमचा तो आकडा सगळ्या इमारतीत गाजतोय हो. नशीबवान आहात." असं गोड बोलली की वाटलं तिचं एकेक बटन तोडावं.

मी त्या खोलीसाठी अर्ज दिला होता. जानेवारीत. हे तुला सांगायचं नव्हतं, पण पेनने लिहिलंय, आता राहू दे.

तुझ्या जिममध्ये म्हाताऱ्या येतात का? त्यांना काय करायला सांगता? सहज विचारते.

आजी

२१ मार्च, शनिवार

मुंगे,

पाकीट मिळालं. सुनेने वर आणून दिलं. मी तिच्यासमोर उघडलं नाही, आणि बरंच केलं. आत एक छापील कागद. खुर्चीतून उठा, बसा. टाचा उचला. भिंतीला हात लावून ढकला. बाटलीत पाणी भरून उचला. वर तुझ्या जिमचं नाव, खाली जिमचा फोन. तुझं एक अक्षर नाही. पाकिटावर पत्तासुद्धा चिकटवलेला.

आधी राग आला. कागद केराच्या डब्यावर धरला होता. मग म्हटलं, मुलीने टपालाचं तिकीट तर जिभेनेच चिकटवलं असेल.

तर मी करून पाहिलं. भिंत ढकलणं सोपं आहे, भिंत काही बोलत नाही. बाटली उजव्या हाताने होत नाही, मनगटाला थोडं लागलंय. डाव्याने करते. खुर्चीतून उठायचं लिहिलंय ते हात न टेकवता. ते मात्र असं लिहिलंय जसं काही माणूस सगळे दिवस तेच करत असतो.

तपासणीच्या बाई काल परत आल्या होत्या, मनगट बघायला. त्यांना तुझा कागद दाखवला. त्या खूष झाल्या. मला त्यांच्या खूष होण्याचाच राग आला. म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं मी ओली ब्लँकेटं पिळली. कोरडी नव्हे, पाण्याने भरलेली. तो व्यायाम नव्हता का? मग आता हे बाटल्या उचलायचं नाटक कशाला?"

त्या म्हणाल्या, "ते काम झालं आजी. व्यायामात दमलं की थांबायचं. मग पोटभर जेवायचं, झोपायचं, आणि दोन दिवसांनी जरासं जास्त उचलायचं. तसा जोर वाढतो. तुम्हाला दमल्यावर कुणी थांबू दिलं?"

"मुकादमाला विचारा," मी म्हटलं. "मेलाय तो, पण विचारा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, या चार इमारतींतल्या बायकांच्या मुठी आणि बागेपलीकडच्या बंगल्यांतल्या त्याच वयाच्या बायकांच्या मुठी, दोन्ही त्यांनी मोजल्यात. तिकडच्या बायकांनी आयुष्यात पाण्याची बादली उचलली नसेल, पण त्यांचा काटा आपल्या बायकांच्या पुढे जातो. मग माझा कागद काढून म्हणाल्या, "म्हणून तर तुमच्या एकोणतीसचं मला कोडं पडलंय."

मी त्यांना चहा विचारला. नको म्हणाल्या.

पण मला ते बोलणं लागलं. इतकं उचललं, ते गेलं कुठे मग? कुठल्या तरी ब्लँकेटमधून पाण्याबरोबर मोरीत गेलं असणार.

आजी

४ एप्रिल, शनिवार

मुंगे,

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. मागचंही डाव्यानेच होतं, तुला अक्षरावरून कळलं असेल आणि तू गप्प बसली असशील. तुझा तो स्वभावच.

तर नीट सांगते. तेरा मार्चला मी पडले. बटनवालीची नवी खोली बघावी म्हणून निघाले होते, बघावी म्हणजे नावं ठेवावी म्हणून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा गेला. पडले तेव्हा सकाळ होती, उठवलं तेव्हा शाळेतली पोरं परत येत होती. मधल्या वेळात कुणाला हाक मारली नाही. एक बाई बाजूने गेली, तर मी पायरी पुसत असल्यासारखं केलं, हातात रुमाल होता तो बरा. शेवटी नळ दुरुस्त करणारा वर येत होता, त्याला लपवता आलं नाही. त्याने मला पोत्यासारखं खांद्यावर टाकून वर आणलं. दर मजल्यावर थांबून मलाच विचारायचा, "दमलात का आजी?"

जिना मी जानेवारीपासून उतरले नव्हते. दोनदा वगैरे काही नाही. दोरीची पिशवीही जड भरू नका म्हणून मी वरून ओरडते.

आणि तो आकडा. यंत्र धरायचं असतं हवेत, कोपर अंगाजवळ घेऊन. बाई वहीत लिहीत होत्या तेव्हा मी मूठ मांडीवर टेकवली आणि सगळं अंग वरून सोडलं. ब्लँकेट पिळताना शेवटचं पाणी काढायला करायचो तसं, तुला माहीत आहे. खुर्चीतून पाच वेळा उठायचं होतं, त्यात बाईंना फोन आला. त्या दाराकडे वळल्या, मी दोनदा उठले आणि म्हटलं, झाले पाच. आता तू म्हणशील, म्हातारीला अक्कल नाही. तीच खोली मागत होते आणि तिच्याच तपासणीत पहिलवान झाले. पण मुंगे, कुणी काही दाबायला दिलं की मला कमी दाबता येत नाही. लाँड्रीत एका ब्लँकेटला दोघी असायच्या, कमी दाबलं तर संध्याकाळी तुमची जोडी फुटायची. ज्या जोडीचं ब्लँकेट ठिबकतं, त्या जोडीतल्या कुणाला तरी घरी पाठवायचे. मुकादम मोजायला यायचा तेव्हा सगळ्या बायका दुखत्या हातानेसुद्धा जास्तच पिळायच्या. यंत्र हातात आलं आणि माझ्या हाताला वाटलं, मुकादम आला.

बाईंना मी हे सगळं सांगितलं. पडल्यानंतर दुसरा मार्गच नव्हता. तळमजल्यावर आता खोली नाही. मे महिन्याच्या पाच तारखेला परत तपासणी आहे. तेव्हा खुर्चीतून हात न टेकवता पाच वेळा उठता आलं नाही, तर चौथ्या मजल्यावर एकटीला ठेवणार नाहीत. गावाबाहेर वृद्धांसाठी दालन आहे. एका दालनात सोळा खाटा. बाई म्हणाल्या, स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत. मी विचारलं, दाराला आतून कडी आहे का? त्या म्हणाल्या, तशी पद्धत नाही.

आज चार वेळा प्रयत्न केला. एकदा उठले.

आजी

१९ एप्रिल, रविवार

मुंगे,

तुझं काही आलं नाही. येवो न येवो, हे लिहायचंच आहे. गेले आठ दिवस खुर्चीवर बसताना मोजण्याऐवजी हेच मनात येतं आणि मोजणं चुकतं.

तू सोळा वर्षांची होतीस. शाळेच्या खेळाच्या बाई आपल्या खोलीवर आल्या होत्या. तू पाण्याला गेली होतीस. त्यांनी तुला वजनं उचलताना पाहिलं होतं. तू इवलीशी आणि तुझ्यापेक्षा मोठं ओझं घेऊन चाललेली, म्हणून मी तुला मुंगी म्हणायची, आणि त्यांनाही तेच दिसलं होतं. चाचणी झाली, तू वाट बघत बसलीस. पंधरा दिवसांनी मी तुला सांगितलं, यादीत तुझं नाव नाही, तू कमी पडलीस.

तू कमी पडली नव्हतीस. पत्र आलं होतं. खेळाडूंच्या वसतिगृहात जागा, खाणंपिणं, शिक्षण, सगळं. पालकाची सही हवी होती. मी सही केली नाही. तू तेव्हा रडलीही नाहीस, नुसती हाताकडे बघत बसलीस, हाताने काही गुन्हा केल्यासारखी.

आता का ते. मी मुलीच्या भल्यासाठी वगैरे लिहिणार नाही. तुझी आई गेल्यावर तुला मी वाढवलं, हेही यात घालणार नाही. त्या वर्षी माझे हात गेले होते. माझी जोडीदारीण काम सोडून गेली होती आणि माझ्याबरोबर उभं राहायला कुणी तयार नव्हतं, कारण बायकांना कळतं. टोक हातात घेतलं की समोरचीचा पीळ कळतो. जोडी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर लाँड्रीची ती खोलीही नाही. मला जोडी हवी होती आणि घरात तू होतीस.

म्हणून तुला लाँड्रीत घातली. आठवतं ना, आपण कशा उभ्या राहायचो? मी तुला सांगायची, मी टोक घट्ट धरते, तू पिळ, नवीन माणसाने पिळायचं असतं. असा काही नियम नव्हता. उलटच असतं, जुनी बाई पिळते. साडेतीन वर्षं तू दोघींचं पिळलंस आणि मुकादम मला म्हणायचा, म्हातारी, तुझ्या हातात अजून दम आहे. मी ऐकून घ्यायची. गालात हसायची सुद्धा.

आणि त्या दिवशी तू म्हणालीस की मला आता हे करायचं नाही, मी दुसरं काही बघते. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्यात काही असतं तर तेव्हाच घेतली असती तुला." तू तुझं टोक खाली ठेवलंस. टाकलं नाहीस, ठेवलंस. ब्लँकेट पाण्यात गेलं. तू दारातून गेलीस ती गेलीस. मी माझं टोक धरून उभी होते, कितीतरी वेळ, बायका म्हणाल्या सोडा आता.

नव्या जोडीदारणीला माझे हात कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी घरी.

ते पत्र सोबत पाठवते आहे. फळीवरच्या कागदाखाली होतं. खोली बदलली तेव्हा तुझ्या पुस्तकांबरोबर टाकून देता आलं असतं, पण टाकलं नाही. का ते मला विचारू नकोस. तू किती उचललं होतंस तो आकडा त्यात आहे. तो खरा आहे, मांडीवर टेकवलेला नाही.

हे वाचून तू यापुढे माझं पाकीट न उघडता परत पाठवलंस तर मी समजेन. माफ कर असं लिहायचं होतं. डाव्या हाताने ते अक्षर जमेना, दोनदा खाडाखोड झाली. ती तिथेच राहू दिली आहे, वर बघ.

आज उठबस तीन झाल्या.

आजी

६ मे, बुधवार

मुंगे,

काल तपासणी झाली.

बाईंनी आधी यंत्र दिलं. मी कोपर अंगाजवळ घेतलं, हात हवेत ठेवला. मांडी खाली तयार होती. मुकादम आल्यासारखं वाटलंच. म्हटलं, ये बाबा, बघून घे. उजवा अकरा. डावा चौदा, बाटलीची कृपा. बाईंनी ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि एकोणतीसवर काट मारली. मला वाटलं होतं लाज वाटेल. वाटलीच.

मग खुर्ची. एक, दोन, तीन नीट झाले. चौथ्याला दातांत जीभ आली. पाचव्याला अर्ध्यात अडकले, ना वर ना खाली. खिडकीची दोरी समोर लोंबत होती, हात जात होता तिच्याकडे. नाही धरली. धपकन बसले.

 बाई पेन हातात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "मार्चच्या मानाने हे कमी नाही. पण चार म्हणजे चार, आजी. मला पाच लिहिता येणार नाही."

"मी सांगितलंही नाही लिहा म्हणून."

तीन महिने दिलेत. पण अट आहे. आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन समोर उभं राहून व्यायाम करून घेतला पाहिजे, तर मी इथे. नाहीतर पुढच्या महिन्यात खाट. "कुणी आहे का?" त्यांनी विचारलं. बटनवाली तिथेच होती, खालून मुद्दाम चढून आली होती तमाशा बघायला, धापा टाकत. ती म्हणाली, "मी आले असते हो, पण माझा जिना..." मी म्हटलं, तू तळमजल्यावर बस. बाईंना म्हटलं, बघते.

त्यांनी कागदावर ती जागा रिकामी ठेवली. शुक्रवारी विचारायला येणार आहेत.

आणि आज तुझं पाकीट आलं.

मी दुपारपर्यंत उघडलं नाही. जाड लागत नव्हतं, म्हणजे मी पाठवलेलं पत्र परत आलेलं नाही, एवढं समजलं. उघडलं. परत व्यायामाचा कागद. एकच व्यायाम. दोन बायका समोरासमोर उभ्या, मध्ये टॉवेल, दोघींनी एकेक टोक धरलंय. एक ओढते, दुसरी धरून ठेवते, मग उलट. खाली लिहिलंय, दहा वेळा. बाकी काही नाही. पत्राबद्दल नाही, सहीबद्दल नाही, काही नाही.

यात दुसरं माणूस लागतं, मुंगे. ते कुठून आणायचं ते तू लिहिलेलं नाहीस.

सुनेला दाखवलं. ती म्हणाली, "छापील असतात हो आजी हे कागद, जिममध्ये गठ्ठे असतात. सगळ्यांना हाच देतात." असेल तसं. पहिला कागद छापील होता, हे खरं. मी उजेडात धरून पाहिलं, मागून पाहिलं. वर जिमचं नाव नाही, खाली फोन नाही. पण डोळे आता असले, त्यांचं काय खरं मानायचं.

ती गेल्यावर मी बोट जिभेला लावलं आणि कागदावर घासलं.

शाई पसरली. छापील शाई पसरत नाही. एका बाईचं डोकं पार गेलं. अंबाडा होता त्या बाजूचं, म्हणजे माझंच असणार. दुसरी नीट आहे.

टॉवेल भिजत घातलेला नाही. कोरडाच घेऊन ठेवलाय, खुर्चीच्या पाठीवर. दाराला आतून कडी लावत नाही सध्या.

आजी